बाळाच्या नावाची वीज

अश्लेषा वाळलेली दुपटी आणायला उठली, तसा पाळण्यावरचा पंखा थांबला. ती उंबऱ्यातूनच परत आत आली आणि पंखा पुन्हा गरगरू लागला. घरातली वीज आता माणूस ओळखून चालायची, आणि तिची लेक विजेच्या लेखी माणूसच नव्हती.

मागणी इतकी वाढली होती, की सरकारने पुढच्या दहा वर्षांची वीज माणशी वाटून टाकली होती. नोंद नावानिशी करायची होती. पण बारशाआधी बाळाचं नाव बाहेर फोडायचं नाही, असा सासूबाईंचा हट्ट. बारसं थाटात झालं. नोंदणी मात्र आदल्याच दिवशी बंद झाली होती.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बाळाच्या अंगभर घामोळं उठलं, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच वीजकचेरीत फोन लावला.

"साहेब, माझा वाटा नातीच्या नावावर करा ना. मी म्हातारी, पदरानं वारा घेईन."

"आजी, जिवंतपणी वाटा देता येत नाही हो."

"मग गेल्यावर?"

"गेल्यावर मिळतो की वारसाला. लगेच मिळतो."

"बरं बाबा," म्हणत त्यांनी फोन ठेवला, भाजीचा भाव विचारून ठेवावा तसा.

त्या दिवसापासून सासूबाईंची हृदयाची गोळी अश्लेषा स्वतः त्यांच्या हातावर ठेवते. आत बाळ घामाघूम होऊन रडत असतं. तरी त्यांनी गोळी गिळलेली दिसेपर्यंत ती जागची हलत नाही.