घुमटाची मोटर

"दाबा बटण," शालनताई म्हणाल्या, आणि प्राध्यापक कानडे यांनी धीर करून बटण दाबलं.

विद्यापीठाच्या वेधशाळेचा घुमट फिरवणारी मोटर दोन दिवसांपूर्वी जळाली होती. आज संध्याकाळी तर शनी बघायला तीन खेड्यांतल्या शाळांची मुलं येणार होती. नव्या मोटरीला महिना लागणार होता. शेवटी कुणीतरी एसटी स्टँडमागच्या शालन तांबोळींचं नाव सुचवलं. विहिरींवरच्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या शालनताईंनी तांब्याची नवी तार भरून आज दुपारी जळालेली मोटर परत बसवली.

घुमट किरकिरला, थरथरला आणि सावकाश फिरू लागला. सरांनी टाळ्याच वाजवल्या.

हात पुसत शालनताईंनी विचारलं, "सर, दिवसा दिसतं का हो यातनं काही?"

सरांनी दुर्बीण वळवली. शालनताईंनी डोळा लावला. निळ्या आभाळात एवढीशी पांढरी कोर होती.

"अगं बाई, चंद्र!"

"चंद्र नाही, शुक्र. त्यालाही चंद्रासारख्या कला असतात."

दुर्बिणीचा डोळा न काढताच त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं झाली. माझी मोटर चालू झाली की पाणी येतं, एवढंच मला ठाऊक. आज शुक्र आला!"

त्यांनी लगेच नवऱ्याला फोन लावला. "संध्याकाळी दुकान बंद करा आणि आत्यांना घेऊन इकडं या. शनी दाखवणारायत."

"शनी? तो कशाला मुद्दाम बघायचा?" पलीकडून घाबरा आवाज आला.

"या हो बिनधास्त! घुमट माझ्या मोटरीवर फिरतोय."