काचेवरचा तळवा

शेवाळ आणि कुजका पालापाचोळा दाबाखाली शिजवून तेल काढायच्या त्या कारखान्यात टाकीच्या काचेवर वाफ साचली होती. ऑपरेटरबाईंच्या डोळ्यांदेखत ती कोणीतरी तळव्याने पुसली. आतून.

बाईंनी यंत्र बंद केलं. टाकी रिकामी होऊन गार झाली, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना.

"वहिनी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," त्यांचा फिटर दीर हसत म्हणाला. तरी वर चढून त्याने झाकण उघडलं. "थांबा, उतरूनच बघतो."

बाई काचेपाशी खिळून राहिल्या. दमट काचेवरून तळवा पुन्हा फिरला, या वेळी सावकाश.

"भाऊजी, पुरे झाली थट्टा. बाहेर या."

"आलोच, वहिनी," टाकीतून आवाज आला.

मागून शिडी घेऊन येणाऱ्या दिराने विचारलं, "कोणाशी बोलताय?"