ठेक्याशिवाय

पहिला माणूस उठला तेव्हा धाकट्याने तिकडे बघायचं टाळलं. मग दुसरा उठला, मग अख्खी एक रांग. खुर्च्या करकरल्या. तो सभागृहात मागे, आवाजाच्या बटणांसमोर बसला होता. मंचावर त्याची ताई एकटी, वायरींच्या गुंत्यावर वाकलेली. बराच वेळ झाला, तिने एकही ठेका वाजवला नव्हता. स्वतःचंच गुणगुणणं रेकॉर्ड करून तिने ते इतकं ताणलं होतं, की एकेक श्वास सभागृहभर पसरत होता.

लोक आले होते तिच्या नाचाच्या गाण्यांसाठी. त्या गाण्यांनी तिचं नाव झालं आणि नाव होताच तिने ती सोडली. मग यंत्रांचे आवाज जुळवून असं काही केलं, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्यालाही चाहते मिळाले, तोवर बाईसाहेब हळुवार गाण्यांकडे वळल्या होत्या. पाठीशी गाणी काढणारी कुठली कंपनी नाही. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. धाकटा दर वेळी कपाळाला हात लावायचा आणि दर वेळी सामान गाडीत भरायचा.

सभागृहाचा व्यवस्थापक घाईघाईने टेबलाशी आला. हॉल रिकामा होतोय, जुनं काहीतरी लावा, असं कुजबुजत त्याने स्वतःच बटणांकडे हात नेला. धाकट्याने तो मनगटाशी धरला.

"थांबा जरा. ऐका."

आपण असं का केलं, ते त्याचं त्यालाच कळेना. घरी हेच ऐकून ऐकून त्याचं डोकं उठलं होतं. पण इथे, एवढ्या मोठ्या जागेत, त्या आवाजाच्या तळाशी काहीतरी हललं. एक स्वर दुसऱ्याला येऊन टेकला, दोघे मिळून वर चढू लागले आणि त्याच्या अंगावर काटा आला. दारापर्यंत पोचलेली एक बाई पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. त्यानंतर कोणी उठलं नाही. व्यवस्थापकाने आपला हात कधी सोडवून घेतला, धाकट्याला पत्ताच नव्हता.

संपल्यावर टाळ्या पडायला वेळ लागला. पडल्या त्या थांबेनात.

व्यवस्थापक मंचावर धावला. आपलं चुकलं, हे त्याने मोकळेपणाने सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा या, म्हणाला, अगदी हेच वाजवा, हॉल भरून दाखवतो.

ताई वायरी गुंडाळत होती. चेहरा फुललेला.

"येईन की," ती म्हणाली. "पण हे नाही. हे आता मला येतं."

व्यवस्थापकाने गोंधळून धाकट्याकडे पाहिलं. तो हसला, सगळ्यात जड पेटी खांद्यावर घेतली आणि गाडीकडे निघाला.