मिस्त्रींचा कान

इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पाइपला केसाएवढी चीर पडली, तरी तिची बारीक शिट्टी मिस्त्रींच्या कानातून सुटत नसे. ते अभिमानाने म्हणत, "ज्या दिवशी हा कान दगा देईल, त्या दिवशी गॅरेजला कुलूप लावीन." गेल्या दोन महिन्यांत मात्र एकही पाइप फुटका निघाला नव्हता, हे आपल्याच हातच्या कामाचे फळ, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आज सकाळी रुग्णवाहिका चालवणारे त्यांचे जावई आले. "मामा, गाडी चढाला दम टाकते, काळा धूर ओकते. पाइप बघता का जरा?"

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून पाइपशी कान नेला. "ठणठणीत आहे, जावईबापू! अ‍ॅक्सिलरेटरवरचा तुमचा पायच जड झालाय."

सासऱ्यांच्या शब्दावर विसंबून जावई बाराच्या सुमारास एका अत्यवस्थ पेशंटला घेऊन डोंगरापलीकडच्या इस्पितळाकडे निघाले.

दुपारी मिस्त्री जेवायला घरी आले आणि स्वयंपाकघरात टेकले. "जावईबापू आता ऐन चढावर असतील. काय गं, कुकरची अजून एकही शिट्टी नाही?"



बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, तुमच्या पुढ्यातच तर पाच झाल्या!"