झिजलेली जागा

कोपऱ्यावरून सायकल वळली आणि चित्र पुन्हा उड्या मारायला लागलं.

धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. घरातली जुनी व्हिडिओ टेप लॅपटॉपवर उतरवताना सकाळपासून ती या एका जागेशी झगडत होती. जेवणाच्या टेबलावर जुना व्हिडिओ कॅमेरा, त्यातून निघालेली वायर, मैत्रिणीकडून मागून आणलेला डीव्हीडी रेकॉर्डर, त्याच्यापुढे लॅपटॉप. ताट ठेवायलाही जागा उरली नव्हती. कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेड तिनं पुसून पुसून लख्ख केलं होतं. टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवून पुन्हा घट्ट गुंडाळून घेतली होती. रेकॉर्डरमधून नेलं की चित्राच्या रेषा सरळ होतात म्हणे. झाल्या ना, बाकी सगळीकडे झाल्या! मामाचं लग्न ठणठणीत. आजोबांची नवी कवळी ठणठणीत. शेजारच्यांचं कुत्रं, ज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, तेही झकास. बोंब फक्त इथे. सायकल वळते, दोन वेण्यांतली ताई मागे वळून बघते, आणि नेमका तिचा चेहरा डावीउजवीकडे फरफटत जातो.

शेवटी तिनं लॅपटॉपवर चित्र स्थिर करायचा प्रोग्रॅम लावला. ताईचा चेहरा थांबला, पण मागची भिंत डुलायला लागली. भिंत धरली की चेहरा सुटायचा. नुसता वैताग.

“हळू हाताळ जरा,” दारातून बाबा म्हणाले.

“तुम्हाला काही हवंय का, बाबा?”

“मला काय हवंय? चष्मा शोधतोय.”

चष्मा नाकावर होता. सकाळपासून तो याच खोलीत हरवत होता.

चेहरा नीट बघावा म्हणून धाकटीनं टेप जागच्या जागी थांबवली.

“पॉज दाबून ठेवू नकोस!” बाबा कडाडले. “किती वेळा सांगायचं? चित्र थांबलं तरी आतलं चक्र फिरतच असतं. एकाच जागी घासतं. टेप झिजते तिथे!”

हे वाक्य ऐकतच दोघी बहिणी वाढल्या होत्या. ताई तर बाबांच्या आवाजात ते हुबेहूब म्हणून दाखवायची. मग तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, आणि तेव्हापासून या घरात तिचं नाव काढायचं तर धाकटीनंच काढायचं, तेही आवाज खाली आणून.

टेबलावरचा फोन थरथरला. ताईचाच निरोप. “सापडलं का माझं काही? की पुसून टाकलं बाबांनी?”

या एका प्रश्नाच्या तोंडावर मारायला धाकटीला तो चेहरा हवा होता. स्वच्छ, स्थिर, हसरा. आता असला फरफटलेला चेहरा पाठवला तर ताई म्हणणार, बघ, सगळे धडधाकट आणि मीच तेवढी खराब. धाकटीनं लिहिलं, “तुझा भाग जरा बिघडलाय गं.” पण पाठवायला बोट धजेना.

“एवढं काय त्यात?” बाबा पडद्याकडे न बघता म्हणाले. “तेवढं कापून टाक. बाकीचं चांगलं आलंय ना?”

आता मात्र तिचा तोल सुटला.

“कापू? अख्ख्या टेपेत तिचं एवढंच आहे, बाबा! आणि खराब व्हायला तेवढीच जागा मिळाली?”

“धूळ खात पडली होती टेप. ओल लागली असेल.”

“ओल काय माणूस बघून लागते?”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“तुला बटणंच नीट दाबता येत नाहीत,” ते पुटपुटले. “आण इकडे.”

खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला. टेप मागे नेली, सुरू केली. त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतंच. सायकल आली. कोपरा आला.

“आता बघेल,” बाबा अगदी हळू म्हणाले, आणि त्यांच्या अंगठ्यानं न चाचपडता बटण दाबलं.

ताई मागे वळून बघत थांबली. पुरती वळलेली, तोंडभर हसणारी. सकाळपासून इतक्यांदा थांबवूनही धाकटीला हा क्षण एकदाही नेमका पकडता आला नव्हता. चित्र थरथरत होतं, आणि बाबा त्याच्याकडे बघत होते.

धाकटी आधी पडद्याकडे बघत राहिली, मग त्या अंगठ्याकडे. ती कामावर गेली की दिवसभर घरात बाबा एकटेच असायचे. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. एक फोन. एक साधा फोन करता आला नाही या माणसाला.

“बाबा,” ती म्हणाली, “टेप झिजेल.”

“आता काय झिजायचं राहिलंय?”

अंगठा बटणावरच होता.

धाकटीनं फोन उचलला. मघाचं लिहिलेलं पुसलं आणि ताईला कळवलं, “पुसलं नाही गं. बघून बघून झिजवलंय.”