तारामाशाचा पहिला दिवस

पियूषच्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधली वाळू फार घाण झाली होती. ती साफ करायला मुंबईहून मागवलेला तारामासा घेऊन तो घरी आला, तर आईनं चहाच्या गाळणीनं सगळी वाळू चाळून लख्ख केलेली.

“आई, हे काय करून ठेवलं तू?”

“भांडेवाली बाई यायच्या आधीही मी घर आवरतच असते ना. हा तर नवीन. पहिल्याच दिवशी काय म्हणन आपल्याले?”

“अवं, तो वाळूतली घाणच खाते. आता उपाशी मरन.”

आईचा चेहरा पडला. घरी आलेला जीव उपाशी. ती मोरीत गेली आणि बादलीत काढून ठेवलेला वाळूतला गाळ वाटीत घेऊन आली.

“सकाळचाच आहे, शिळा नाही. जरा गरम करून वाढू का त्याले?”