आनंदाची चाल

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस इजिप्तमधल्या आमच्या मिन्या शहरातल्या कॉप्टिक चर्चमध्ये प्रत्येक स्तोत्र आनंदाच्या चालीत म्हणतात. मी तिथला मुअल्लिम, म्हणजे झांजेवर स्तोत्रं सांगणारा मुख्य गायक. त्या रविवारी माझ्या तोंडून शोकाची चाल निघाली. मागच्या रांगेतून माझा शिष्य वीसा याने आवाज चढवून बरोबर चाल धरली आणि सगळी मंडळी त्याच्यामागे गेली.

प्रार्थना संपताच आमचे धर्मगुरू अबूना त्याच्यावर घसरले. "फार शहाणा झालास? तीस वर्षं झांज धरणाऱ्या मुअल्लिमला भर चर्चमध्ये तोडतोस? यापुढे गायचं नाही."

"चुकलं माझं, अबूना," वीसा खाली मान घालून म्हणाला.

मी गप्प राहिलो असतो तर माझी जागा शाबूत होती. पण मला राहवेना.

"तो नाही, मी चुकलो," मी म्हणालो. "बायकोला पुरून आल्यापासून दर रविवारी चुकतोय. हा सावरून घेतो. आज तुम्हाला ऐकू आलं, एवढंच."

मी झांज वीसाच्या हातात दिली.

"मुअल्लिम, तुम्ही असताना?"

"मी असतानाच घे. मेल्यावर काय, कुणीही घेईल."

पुढच्या रविवारी अबूनांच्या परवानगीने वीसा पुढे गायला आणि मी त्याच्या मागे उभा राहिलो. चाल सांभाळायची जबाबदारी आता माझ्यावर नव्हती; बायको गेल्यापासून चर्चमध्ये मला पहिल्यांदाच रडता आलं.